वर्गात न बसणारे मूल

विदर्भातील शाळा उन्हाच्या काहिलीमुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जून सरता सरता उघडतात. वरोरा तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांतही त्याच सुमारास पहिलीच्या वर्गात नवी मुले येऊन बसतात आणि पोळा, दसरा उलटेपर्यंत शिक्षकाला त्यांची पुरती ओळख पटलेली असते. या मुलांत एखादे असे निघते की ते बसतच नाही. पाटी काढायला सांगावी तर ते खिडकीशी जाते, खिडकीतून बोलवावे तर दाराशी. प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर ओरडते, खेळात आपली पाळी येईपर्यंत थांबत नाही, रोज काहीतरी हरवून घरी जाते. पूर्वी अशा मुलाला 'वात्रट' म्हणून गुरुजी मोकळे होत आणि छडीचा प्रयोग होई. आताचा शिक्षक प्रशिक्षणांना जातो, भ्रमणध्वनीवर चार गोष्टी वाचतो. तो एके दिवशी आईला बोलावून सांगतो, "याला एडीएचडी असावं असं मला वाटतं. एकदा डॉक्टरला दाखवा."

आईला त्या चार अक्षरांपैकी एकही कळत नाही. तिला एवढेच कळते की आपल्या मुलात काही तरी मोडलेले आहे आणि ते गुरुजींनी ओळखले आहे. ती घरी येऊन सांगते. बाप म्हणतो, "मीही लहानपणी असाच होतो, पोट्टा मोठा झाला की सुधरते." आजी एखाद्या जाणत्याकडे नेण्याचे सुचवते. प्रकरण तेथेच संपते, किंवा मुलाला मार बसतो, किंवा दोन्ही होते. या साध्या घटनेत आरोग्य, शिक्षण आणि वर्गभेद हे तीनही प्रश्न गुंतलेले आहेत, आणि तरीही समाजवादी चळवळीने तिच्याकडे आजवर गंभीरपणे पाहिलेले नाही.

प्रथम त्या चार अक्षरांविषयी. अवधानाची न्यूनता आणि अतिचंचलता हा मेंदूच्या विकासाशी निगडित असा विकार आहे. लक्ष टिकवणे, हालचाल आवरणे, मनात आले ते करण्याआधी क्षणभर थांबणे या शक्ती अशा मुलात वयाच्या मानाने मागे राहतात. हा आळस नव्हे, मंदबुद्धीही नव्हे. जगभरच्या पाहण्यांचा एकत्र विचार केला तर शंभरांत सुमारे पाच मुलांमध्ये तो आढळतो. आनुवंशिकतेचा त्यात मोठा वाटा असतो, म्हणजे "मीही असाच होतो" हे बापाचे वाक्य त्याला वाटते त्याहून अधिक खरे असू शकते. जन्मतः कमी वजन, अपुऱ्या दिवसांचा जन्म, रक्तातील शिसे यांनीही धोका वाढतो. या मुलांचे वर्णन नवे नाही. लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने १९०२ साली आपल्या व्याख्यानांतून अशी मुले डॉक्टरांपुढे मांडली होती. नाव मात्र बदलत आले. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संहितेत आजचे नाव १९८७ साली रूढ झाले.

डाव्या आणि समाजवादी वर्तुळांत या विषयावर एक ठरलेले उत्तर ऐकू येते. ते असे की, हा विकार औषध कंपन्यांनी बाजारासाठी जन्माला घातला. शाळा नावाच्या कारखान्यात मूल चाकोरीत बसेना म्हणून त्याला रोगी ठरवण्यात आले. रोग मुलात नसून व्यवस्थेत आहे. या उत्तरात तथ्य अजिबात नाही असे नाही. अमेरिकेत या निदानाचा आणि गोळ्यांचा जो सुळसुळाट झाला त्यामागे जाहिरातीचा आणि नफ्याचा हात होता हे नाकारता येत नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात झालेला व २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास तर प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवावा असा आहे. तेथे शाळाप्रवेशासाठी वय ३१ डिसेंबरला मोजतात. त्यामुळे एकाच वर्गात जानेवारीत जन्मलेली आणि डिसेंबरात जन्मलेली, म्हणजे जवळजवळ वर्षाने लहान असलेली मुले शेजारी बसतात. डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांना या विकाराचे निदान मिळण्याचे प्रमाण जानेवारीतील मुलग्यांपेक्षा ३० टक्क्यांनी आणि मुलींत तर ७० टक्क्यांनी अधिक आढळले. याचा अर्थ, काही मुलांच्या बाबतीत केवळ लहान असणे हाच रोग ठरला होता. महाराष्ट्रातही पहिलीच्या प्रवेशाचे वय ३१ डिसेंबरपर्यंत धरले जाते. तेव्हा जूनअखेर पहिलीत बसलेले एखादे मूल साडेपाच वर्षांचे असते आणि त्याच्या शेजारचे साडेसहाचे. लहान वयात एक वर्षाचे अंतर किती मोठे असते हे आईला ठाऊक असते. जंत्रीत पाहून मुलांच्या जन्मतारखा एका कागदावर क्रमाने मांडल्या तर वर्गातील 'चंचल' मुलांपैकी काहींचे कोडे तेथेच सुटेल.

एवढे मान्य करूनही ते ठरलेले उत्तर चूक आहे, आणि गरिबांच्या बाबतीत तर ते निर्दय आहे. रोगाचा बाजार होतो म्हणून रोग नाहीसा होत नाही. क्षयाच्या औषधांचाही बाजार झाला. म्हणून क्षय ही भांडवलदारांची कल्पना आहे असे कोणी म्हटले नाही. अतिनिदानाची चिंता ही जेथे निदान होते तेथील चिंता आहे. महाराष्ट्राच्या शहरांतील सुखवस्तू घरांत आज मुलाच्या अस्वस्थतेचा शोध घ्यायला बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षिका यांची रांग उभी असते. वाचन-लेखनाच्या अक्षमतेसाठी परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय या राज्याने १९९६ साली, देशात प्रथम, घेतला. ती अभिमानाची गोष्ट आहे. परंतु सवलतीसाठी दाखला लागतो, आणि दाखला देऊ शकणारी रुग्णालये मुख्यतः मोठ्या शहरांत होती. त्या निर्णयाचा लाभ प्रथम कोणत्या घरांतील मुलांच्या पदरात पडला हे सांगण्यासाठी संख्याशास्त्राची गरज नाही. एकाच स्वभावाचे मूल मलबार हिलवर जन्मले तर त्याच्या वाट्याला निदान येते आणि वरोऱ्याच्या एखाद्या शेतमजुराच्या घरी जन्मले तर छडी. पुढे पहिल्याला शिकवणी मिळते, दुसऱ्याचे नाव हजेरीपटावर राहते आणि मूल गुरांमागे जाते. मग जनगणनेच्या कागदावर त्याला 'शाळा सोडलेला' म्हणतात, जणू सोडण्याचा निर्णय त्याने एकट्याने केला होता. 'असा विकारच नाही' असे व्यासपीठावरून सांगणारा पुरोगामी वक्ता नकळत छडीच्या बाजूला उभा राहतो.

मुलींची गोष्ट याहून वेगळी आणि अधिक दुर्लक्षित आहे. या विकाराचा एक प्रकार धावाधाव करीत नाही. मूल शांत बसते, पण मन वर्गात नसते. अशा मुली मागच्या रांगेत बसून असतात, कोणाला त्रास देत नाहीत, म्हणून कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. 'अभ्यासात मन नाही' हा शेरा त्यांच्या शिक्षणाचा शेवट ठरतो आणि लग्नाची बोलणी सुरू होतात. शिक्षकाचा संशय बहुधा त्याला ज्याचा त्रास होतो त्याच मुलापाशी पोहोचतो, ही त्या संशयाची मर्यादाच आहे.

तरीही त्या संशयाचे मोल कमी नाही. आई एका मुलाला किंवा दोघांना पाहते; शिक्षक वर्षानुवर्षे एकाच वयाची मुले पाहत आलेला असतो. वयाच्या मानाने काय वेगळे आहे हे त्याच्या नजरेला आधी दिसते. परंतु तो साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. निदानाचा नियम असा आहे की लक्षणे बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावीत, निदान सहा महिने टिकलेली असावीत आणि ती एकापेक्षा अधिक ठिकाणी, म्हणजे शाळेत आणि घरीही, दिसली पाहिजेत. जे मूल केवळ शाळेत अस्वस्थ असते आणि शेतात तासन् तास पाखरे राखते त्याच्याबाबत आधी शाळेची चौकशी व्हावी. म्हणून शिक्षकाने नाव उच्चारण्यापूर्वी दोन-तीन आठवडे एका वहीत नोंद ठेवावी: मूल कोणत्या वेळी उठते, कोणत्या विषयाला, खिचडीच्या आधी की नंतर, कोणाशेजारी बसले असता. पंधरा दिवसांच्या अशा नोंदी डॉक्टरला जेवढ्या उपयोगी पडतात तेवढे 'फार चंचल आहे' हे वाक्य पडत नाही.

त्या आधीही काही गोष्टी पाहायच्या असतात, आणि गरिबांच्या मुलांत त्या वगळणे हा गुन्हा ठरेल. ज्याचा कान वाहतो आणि ज्याला अर्धेच ऐकू येते, ते मूल हाकेला ओ देत नाही. ज्याला फळा दिसत नाही, ते शेजाऱ्याच्या पाटीत डोकावते आणि मार खाते. अपस्माराचा एक प्रकार असा असतो की मूल पडत नाही, आचके देत नाही. केवळ काही सेकंद शून्यात पाहते आणि पुन्हा भानावर येते. वर्गात त्याला 'लक्ष नाही' म्हणतात. रक्तक्षयाचे काय सांगावे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण ५३.८ टक्के होते. प्रगत म्हणवणाऱ्या राज्याचा हा उलटा प्रवास आहे. रक्तात लोह नसलेल्या मुलाचे चित्त ठिकाणावर राहत नाही हे वैद्यकाने केव्हाच दाखवले आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेलचे दुखणे त्यात भर घालते. एका खोलीच्या घरात रात्री उशिरापर्यंत दूरचित्रवाणी चालते किंवा दारूचे भांडण चालते, तेथे मुलाची झोप होत नाही, आणि न झोपलेले लहान मूल पेंगत नाही, ते अधिक उधळते. शिवाय भाषा आहेच. घरी गोंडी, माडिया किंवा कोलामी बोलणारे मूल प्रमाण मराठीच्या वर्गात पहिल्या दिवशी बसते तेव्हा त्याने काय लक्ष द्यावे? कळत नाही ते ऐकत बसण्याचा कंटाळा हा कोणत्याही संहितेत विकार म्हणून नोंदलेला नाही.

वरोरा आणि शेजारच्या भद्रावतीच्या बाजूला कोळशाच्या खाणी व औष्णिक वीज प्रकल्प आहेत. तेथील मुलांच्या शरीरात काय साठते आहे, शिसे किती, पारा किती, हे मोजण्याची नियमित व्यवस्था शालेय तपासणीत नाही. वीज मुंबई-पुण्याला जाते, राख येथे राहते. निदान मुलांच्या रक्ताचा हिशेब तरी येथे व्हावा, ही मागणी कामगार संघटनांनीही उचलण्यासारखी आहे.

आता बोलायचे कसे, याविषयी. आईबापांना चार लोकांत, पालकसभेत, मुलाच्या देखत हे सांगणे म्हणजे गावभर दवंडी पिटणे होय. 'वेडा' हा शब्द खेड्यात एकदा चिकटला की तो मुलाच्या बहिणीच्या लग्नापर्यंत पोचतो. शिक्षकाने रोगाचे नाव न घेता, आपण काय पाहिले तेवढे सांगावे आणि घरी काय दिसते ते विचारावे. मूल कशात रमते हेही विचारावे. त्या उत्तरात उपायाचा धागा असतो. आईबापांनीही दोन टोके टाळावीत. 'आमच्या पोराच्या मागे लागले' म्हणून शिक्षकाशी भांडणे आणि घरी येऊन मुलाला बदडणे, ही दोन्ही भीतीचीच रूपे आहेत. त्यांनी विचारावे: गुरुजी, हे रोज होते का? केव्हापासून? इतर पोरांपेक्षा किती जास्त? तुम्ही वर्गात काय करून पाहिले? या शेवटच्या प्रश्नाचा अधिकार पालकांना आहे, आणि तो विचारला गेला तर शिक्षकालाही विचार करावा लागतो. मुलाचे नाव कमी केले जाईल अशी भीती घालणाऱ्या शाळेला मात्र स्पष्ट सांगावे की शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या सतराव्या कलमाने मारणे आणि मानसिक छळ करणे दोन्ही निषिद्ध आहेत, आणि प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही.

वर्गातील उपाय साधे आहेत. मुलाला पुढे, दारा-खिडकीपासून दूर बसवावे. एका वेळी एकच सूचना द्यावी, तीही थोडक्यात. मोठा स्वाध्याय तोडून तुकड्यातुकड्याने द्यावा. दर थोड्या वेळाने उठण्याचे रीतसर काम सोपवावे, म्हणजे घंटा देणे, वह्या वाटणे, पाण्याचा माठ पाहणे. जमले ते त्याच क्षणी वाखाणावे. संध्याकाळी केलेले कौतुक अशा मुलापर्यंत पोचत नाही. या सर्वांना पैसा लागत नाही, असे प्रशिक्षणांत हसतमुखाने सांगितले जाते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे विधान खोटे आहे. या प्रत्येक उपायाची किंमत आहे, आणि ती शिक्षकाच्या वेळात मोजावी लागते. तो वेळच शासनाने काढून घेतला आहे.

कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. वर्ग मात्र चार किंवा पाच. म्हणजे एकेक शिक्षक दोन-तीन वर्ग एकदम हाकतो. त्यातून मतदार याद्यांचे काम, निरनिराळी ऑनलाइन माहिती भरणे, पोषण आहाराचा हिशेब. कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अन्य अशैक्षणिक कामांना मनाई केली आहे; पण निवडणुकीच्या नावाखाली काय काय मावते ते प्रत्येक गुरुजी सांगेल. उलट बाजूने कमी पटाच्या शाळांवर कुऱ्हाड आहे. २०१७ साली दहापेक्षा कमी पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करून मुले दुसऱ्या शाळांत पाठवण्याचा निर्णय झाला, आणि त्यानंतर वीसच्या आतील पटाच्या शाळांचे समूह करण्याच्या योजना पुढे आल्या. काटकसरीचे हे गणित मांडणाऱ्यांनी एक आकडा धरलेला नाही. ज्या मुलाला अवधानाची अडचण आहे त्याला बारा मुलांचा, ओळखीच्या गावातला, ओळखीच्या शिक्षकाचा वर्ग हाच सर्वांत मोठा उपचार असतो. अशा मुलाला गाडीत घालून दूरच्या गजबजलेल्या शाळेत नेऊन बसवायचे आणि मग त्याच्या अस्वस्थतेसाठी तज्ज्ञ शोधायचा, याला काटकसर म्हणणे कठीण आहे.

तज्ज्ञापर्यंतची वाट कागदावर बरी आखलेली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला. दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता यांचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यावे, तीस प्रकारच्या व्याधी तपासाव्यात आणि संशयित मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवावे, अशी योजना आहे. त्या तीस व्याधींत श्रवणदोष, दृष्टिदोष, रक्तक्षय, अध्ययनातील अडचणी आहेत आणि अवधान-न्यूनता व अतिचंचलताही आहे. फार थोड्या पालकांना, आणि खरे तर थोड्याच कार्यकर्त्यांना, हे माहीत आहे. पण दिवसभरात शाळेमागून शाळा उरकणाऱ्या पथकाला दात, डोळे आणि वजन पाहता येते. एखाद्या मुलाचे अवधान काही मिनिटांत पाहता येत नाही. कित्येकदा अनोळखी डॉक्टरसमोर ते मूल अगदी शहाण्यासारखे बसते. म्हणूनच शिक्षकाची वही त्या दिवशी पथकाच्या हाती पडली पाहिजे.

त्यापुढे चंद्रपूर, आणि तेथेही काम झाले नाही तर नागपूर. शेतमजूर आईबापांना कापूस वेचणीच्या दिवसांत अशी प्रत्येक फेरी म्हणजे दोघांची बुडालेली मजुरी, एसटीचे भाडे आणि 'पुढच्या मंगळवारी या' हे उत्तर. निदान एका भेटीत होत नसते. दोन-तीन भेटी लागतात. उपचार फुकट असला तरी उपचारापर्यंत पोचणे फुकट नसते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ सालापासून देशात आहे, तरी लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही देशात भरत नाही, आणि लहान मुलांचे मन जाणणारे तर बोटांवर मोजण्याइतके. पद मंजूर असणे आणि खुर्चीत माणूस असणे यांतील अंतर विदर्भाला नव्याने सांगायला नको.

कायद्यातही एक भोक आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व मानले आहे. त्यात स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. अवधान-न्यूनता स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे अशा मुलाला, त्याच्या जोडीला दुसरे काही नसेल तर, दाखला नाही आणि दाखल्यामागून येणारे साहाय्यही नाही. नवे प्रकार अधिसूचनेने समाविष्ट करण्याचा अधिकार केंद्र सरकारला त्याच कायद्याने दिलेला आहे. निदान तीव्र स्वरूपाच्या मुलांसाठी तरी तो वापरावा, यासाठी खासदारांनी तोंड उघडायला काय हरकत आहे? सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे प्राथमिक स्तरावर एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने ४,८६० विशेष शिक्षकांची पदे मान्य केली. ढोबळमानाने केंद्रामागे एक. एका केंद्रात दहा-बारा शाळा, म्हणजे विशेष शिक्षक एका शाळेत पंधरवड्यातून एखादा दिवस पोचला तर नशीब.

या निराशाजनक हिशेबावर उत्तर बाहेरून आणण्याची गरज नाही. ते याच जंगल जिल्ह्यांत एकदा सापडलेले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना नवजात बाळाचे वजन घ्यायला, श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखायला शिकवले. त्या कामाचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बालमृत्यू लक्षणीयरीत्या घटले होते, आणि पुढे देशाने ती पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत उचलली. तज्ज्ञाचे जेवढे कौशल्य शिकवण्याजोगे आहे तेवढे गावातल्या बाईच्या हाती द्यावे, हे त्यामागचे सूत्र होते. अवधानाच्या बाबतीत हे सूत्र आणखीच लागू पडते. सहा वर्षांच्या आतील मुलाला या विकारात पहिला उपचार गोळी नसून आईबापांचे प्रशिक्षण आहे, असे आज जगभरचे बालरोगतज्ज्ञ सांगतात. दिवसाचा क्रम ठरवणे, आज्ञा कशी द्यावी, कौतुक केव्हा करावे, हट्टाकडे केव्हा काणाडोळा करावा, मार का निरुपयोगी, हे सारे शिकवता येते आणि ते शिकवायला मानसोपचारतज्ज्ञच हवा असे नाही. विकासात मागे पडलेल्या मुलांच्या पालकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेले प्रशिक्षण तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांनी द्यावे अशाच बेताने रचलेले आहे. अंगणवाडी सेविका आणि आशा यांना हे शिकवावे, हे सांगतानाच त्यांच्या अंगावर आधीच किती कामे लादली आहेत आणि मानधन किती तुटपुंजे आहे हेही सांगितले पाहिजे. नवे काम म्हणजे नवा मोबदला. 'सेवाभाव' या शब्दाआड शासनाने पुन्हा लपू नये.

शाळेचे म्हणाल, तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील कोसबाडला कुरणशाळा काढल्या होत्या. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा शिक्षकच कुरणात गेला. मूल शाळेत बसत नाही याचा दोष त्यांनी मुलाच्या माथी मारला नाही, आणि मुलाला कुरणात तसेच सोडूनही दिले नाही. आज त्या दोन्ही चुका होत आहेत.

वरोऱ्याच्या वेशीवरच आनंदवन आहे. एका रोगाच्या नावाने माणसाला घराबाहेर काढले जात होते त्या काळात, १९४९ साली, बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापली. पुढे तेथे अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा उभ्या राहिल्या. महारोग आणि मुलाची चंचलता यांची तुलना करण्याचे कारण नाही. पण निदानाची भीती लोकांना का वाटते आणि ती कशी कमी होते, याचा अनुभव या गावाइतका फार थोड्या गावांना असेल. कुष्ठरोग लपवला गेला तो उपचार नव्हता तोवर आणि बहिष्कार होता तोवर. औषध हाताशी आले तसतसे लोक डाग दाखवायला स्वतः पुढे येऊ लागले. नावामागून मदत येते असे दिसले की आईबाप मुलाला लपवत नाहीत. आज नावामागून काहीच येत नाही, म्हणून ते लपवतात, आणि त्यांना अडाणी म्हणणे अन्यायाचे आहे.

गोळ्यांविषयी दोन शब्द. मोठ्या मुलांत, लक्षणे तीव्र असतील तर, मेथिलफेनिडेटसारखी औषधे उपयोगी पडतात हे सिद्ध झालेले आहे. भारतात हे औषध अंमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येते. ते तज्ज्ञाच्या चिठ्ठीवाचून मिळत नाही आणि मिळूही नये. पण ही कवाडे बंद असताना शेजारची उघडी असतात. बुद्धिवर्धक पाके, 'मेंदू जागृत' करण्याचे वर्ग, डोळे बांधून वाचायला शिकवण्याचे चमत्कार तालुक्याच्या गावापर्यंत पोचले आहेत, आणि त्यांची फी भरायला लोक कर्ज काढतात. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्यांनी ताईत-गंड्यांइतकेच लक्ष या नव्या गंड्यांकडे द्यावे.

वरोरा तालुक्यातील कार्यकर्त्यांना करण्यासारखे काम अगदी लहान आहे. प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. पुढील बैठकीत तीन गोष्टी विचाराव्यात: आरोग्य पथक गेल्या वर्षी कोणत्या तारखेला आले, त्याने किती मुलांना चंद्रपूरला पाठवण्याची चिठ्ठी दिली, आणि त्यांपैकी किती प्रत्यक्ष जाऊन आली. उत्तरे लेखी घ्यावीत. ज्या मुलांच्या चिठ्ठ्या घरी आड्याला खोचून पडल्या आहेत त्यांच्यासाठी गाडीची व्यवस्था आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातून करावी असा ठराव समितीने मांडावा. तो फेटाळला गेला तर गटविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयासमोर बसायला, मुलांना सोबत घेऊन, हरकत नाही. त्यांतील काही तेथेही एका जागी बसणार नाहीत.